हजेरीपटावरचे प्रतिभावंत

अमेरिकेत प्रतिभावंत म्हणून जन्माला येण्यात एक मोठा धोका आहे. तिथं माणूस मेल्यावरही सुटत नाही. आपल्याकडे फार तर चौकाला नाव देतात. मग त्या चौकात वाहतूक तुंबते आणि अडकलेले लोक त्या थोर पुरुषाचं नाव रोज निरनिराळ्या विशेषणांसह घेतात. प्रकरण तिथं मिटतं. अमेरिकेत मात्र टेलिव्हिजनसाठी दीड तासाचा अनुबोधपट काढतात. त्यात त्याची बायको येते, सोडलेली बायको येते, उधारी राहिलेला वाणीसुद्धा येतो आणि सगळे मिळून तो किती थोर होता आणि घरात किती असह्य होता हे सांगतात. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी दुसरी बोलायची पद्धत नाही.

मला या चित्रपटांची चटक लागली ती भाच्यामुळे. तो न्यू जर्सीला असतो. दर दिवाळीला येताना तो तबकड्यांचा एक गठ्ठा आणतो आणि जाताना चकल्यांचा डबा नेतो. व्यापाराचा समतोल दोन्ही बाजूंना मान्य आहे. आमच्या घरातला तबकड्या वाजवणारा खोका जुना असला तरी सरकारी नोकरासारखा आहे. थोडं थोपटलं की चालतो. तेव्हा रात्री जेवणं आटोपली की मी एकेक प्रतिभावंत लावतो.

दहा-बारा पाहिल्यावर त्यांतली रीत लक्षात येते. सुरुवातीला एक पिवळट फोटो. कॅमेरा त्याच्याकडे इतक्या हळूहळू सरकतो, की फोटोतलं पोर पळून जाईल अशी त्याला भीती असावी. मग गरिबी. मग न्यूयॉर्क. न्यूयॉर्कला जाईपर्यंत अमेरिकन माणूस प्रतिभावंत धरला जात नाही. मग एक विद्वान गृहस्थ येतात. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट असतं आणि पुढे स्वतःचं मत. मग बाटली, दुसरं लग्न, पडझड, आणि शेवटी ज्या चित्रापायी घरभाडं थकलं होतं त्याचा लिलावातला भाव. आमची ही भाजी निवडता निवडता हे सगळं पाहते. परवा तिनं विचारलं, "यातला एकही माणूस गॅसचा नंबर लावताना कसा दिसत नाही हो?"

प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

पण आधी थोडा इतिहास सांगायला हवा. मी कॉमर्सचा पदवीधर. माझा इतिहास खतावणीच्या अंगानं जातो, तेवढं सांभाळून घ्या.

टेलिव्हिजनवर कलावंताला आणून बसवायचं हे काम अमेरिकेत ज्यांनी प्रतिष्ठेला नेलं त्यांत एडवर्ड मरो हे नाव मोठं. आपल्या कानाला नाव अशुभ लागतं, पण माणूस भारदस्त. सीबीएस कंपनीत बातमीदार. हातात सदैव सिगारेट आणि चेहरा असा, की समोरच्यानं कर्ज बुडवलंय. १९५१ साली त्याचा 'सी इट नाऊ' हा कार्यक्रम सुरू झाला. १९५४ मध्ये त्यातूनच त्यानं सिनेटर मॅकार्थींसारख्या भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या पुढाऱ्याला अंगावर घेतलं. असा हा मरो १९५५ च्या डिसेंबरात कॅमेरा घेऊन गेला तो एका पंचाण्णव वर्षांच्या शेतकरी आजीकडे. ती चित्रं काढायची. नाव ग्रँडमा मोझेस. त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात लुई आर्मस्ट्राँग आपली तुतारी घेऊन होता. आजींकडे आपल्याला पुन्हा जायचं आहे, तेव्हा तूर्त त्यांना नमस्कार करून पुढे जाऊ.

साबण आणि मोटारी विकणाऱ्या व्यापारी कंपन्यांना कवी आणि चित्रकार फार काळ परवडेनात. मग हे काम शैक्षणिक केंद्रांकडे आलं. बोस्टनच्या केंद्रानं कवी रॉबर्ट फ्रॉस्टवर चित्रपट काढला. दिग्दर्शिका शर्ली क्लार्क. त्याला ऑस्कर मिळालं; पण फ्रॉस्ट जानेवारी १९६३ मध्येच वारला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्यानं चित्रपटातच तक्रार नोंदवून ठेवली आहे, की तुम्ही मला सारखं बटाटे खणताना नाहीतर कविता म्हणताना दाखवताय, आणि हे चित्र खोटं आहे. एखाद्या गिऱ्हाइकानं खातं उघडण्याच्या अर्जावरच बँकेविरुद्ध तक्रार लिहावी तसं हे झालं. मला म्हातारा एकदम आवडला.

१९६७ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली आणि १९७० पासून पीबीएस हे जाळं चालू झालं. जाहिराती नाहीत, थोडं सरकारी अनुदान, थोडे दानशूर आणि बाकी प्रेक्षकांची वर्गणी. ही वर्गणी मागायची पद्धत पाहिली आणि मला अमेरिका एकदम ओळखीची वाटली. कार्यक्रम ऐन रंगात आणतात, मध्येच थांबवतात, आणि दोन हसरी माणसं येऊन सांगतात की वर्गणी भरा, म्हणजे पुढचं दाखवू. भरणाऱ्याला चहाचा मग नाहीतर कापडी पिशवी. आमच्या गल्लीतली गणेशोत्सवाची पोरं पावतीवर समाधान मानून घेतात. त्यांना हे पिशवीचं कळलेलं नाही.

या वर्गणीच्या जोरावर न्यूयॉर्कच्या तेरा नंबरच्या केंद्रातल्या सुझन लेसी या बाईंनी 'अमेरिकन मास्टर्स' ही मालिका उभी केली. १९८६ च्या जूनमध्ये ती सुरू झाली आणि आजवर अडीचशेच्या वर प्रतिभावंत तिनं हातावेगळे केले आहेत. २०२५ च्या जुलैत तिथल्या संसदेनं सार्वजनिक प्रसारणाचं पुढल्या दोन वर्षांचं सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलरचं अनुदान परत घेतलं. मंजूर झालेली रक्कम खात्यात पडण्याआधी काढून घेणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, पण तो कामकाजात वापरत नाहीत.

आता हिच्या प्रश्नाकडे वळू. गॅसचा नंबर.

आमच्या शाखेत नाना म्हणून कॅशियर आहेत. हे नाव त्यांचं नाही, पण त्यांना शोभतं. वय त्रेपन्न. नोटा मोजताना बोटं चालतात आणि डोळे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असतात. दुपारी गर्दी ओसरली की रद्द झालेल्या स्लिपांच्या पाठीवर नाना पेन्सिलीनं ते चेहरे काढतात. पेन्शनर, भाजीवाल्या, अंगठा उठवणारे, 'सही जुळत नाही' म्हटल्यावर ओशाळलेले. चेहरे असे हुबेहूब, की आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा एका स्लिपेवरून थकबाकीदार ओळखला. मी नानांना तबकड्या द्यायला लागलो. महिन्याभरानं एका रात्री वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, यांनी स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आणलाय. म्हणतात, खरा कलावंत नोकरी करत नाही. धाकटीचं अजून इंजिनिअरिंग व्हायचंय. तबकड्या तुमच्या आहेत, समजूतही तुम्हीच घाला."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना विषय निघाला. नाना म्हणाले, "अरे, एवढे सगळे पाहिले. त्यात मस्टरवर सही करणारा एक तरी दिसला का तुला?"

"नाना, दिसला नाही हे खरं. पण नव्हता असं कुठंय? तुम्ही त्या पोलॉकवर लुब्ध आहात ना? तो तर चक्क पगारी माणूस होता."

आणि होताच. जॅक्सन पोलॉक म्हणजे कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग ओतणारा, शिंपडणारा चित्रकार. १९३५ पासून १९४३ पर्यंत तो, अधूनमधून नाव कमी व्हायचं ते सोडलं तर, सरकारी योजनेत होता. मंदीत बेकारांना काम द्यायचं म्हणून रूझवेल्ट सरकारनं जी योजना काढली तिच्यात रस्ते-पूल होते तसे चित्रकारही होते. आपली रोजगार हमीच, फक्त घमेल्याऐवजी कुंचला. योजना बंद पडल्यावर त्यानं एका कलासंग्रहालयात सुताराची आणि पडेल ती कामं केली. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या संग्रहालयाच्या मालकाची पुतणी पेगी गुगेनहाइम हिनं त्याला महिना दीडशे डॉलर ठरवले आणि मग तो मोठी चित्रं काढू लागला. म्हणजे रंग शिंपडण्याआधी त्यानंही महिनाअखेरीची वाट पाहिलेली होती.

पण चित्रपटांत पोलॉकचा पगार दिसत नाही. दिसतो तो हवेत उडणारा रंग. ते दृश्य ज्यानं टिपलं त्या माणसाची गोष्ट नानांना माहीत नव्हती. मला ती या साऱ्या प्रकारातली सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हान्स नामुथ हा जर्मनीतून आलेला छायाचित्रकार. १९५० च्या उन्हाळ्यात तो लाँग आयलंडवर पोलॉकच्या घरी गेला आणि त्याचे काम करतानाचे फोटो काढू लागला. मग त्याला चलच्चित्राची हौस आली. हा चित्रपट टेलिव्हिजनसाठी नव्हता, पण पुढे टेलिव्हिजननं पोलॉकवर जे जे काढलं त्यात त्याचेच तुकडे येत राहिले. दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून कोठारात काम करणाऱ्या चित्रकाराला उन्हात अंगणात आणला. कॅमेऱ्यासमोर त्यानं रंगानं माखलेले बूट चढवायचे, मग चित्र काढायचं. थांब म्हटलं की थांबायचं, कर म्हटलं की करायचं. तरी नामुथचं समाधान होईना. चित्र काढणाऱ्याचा चेहरा आणि चित्र एकाच वेळी दिसलं पाहिजे! मग त्यानं एक मोठी काच आणवली, उंच मांडली, आणि खाली उताणं पडून वर कॅमेरा रोखला. पोलॉकनं काचेवर चित्र काढायचं. एक चित्र त्यानं पुसून टाकलं आणि पुन्हा सुरू केलं.

हे सगळं शरद ऋतूत, बोचऱ्या वाऱ्यात, नोव्हेंबरअखेरपर्यंत चाललं. पोलॉक तेव्हा दोन वर्षं दारूला शिवला नव्हता. शेवटचं दृश्य झालं, तो गारठून घरात आला आणि त्यानं व्हिस्की ओतून घेतली. घरात पाहुणे जेवायला होते. तो आणि नामुथ एकमेकांना ढोंगी म्हणू लागले. अखेर पोलॉकनं वाढलेलं जेवणाचं टेबल भांड्यांसकट उलथून टाकलं. त्यानंतर त्याची दारू सुटली अशी नाहीच. काम कमी कमी होत गेलं. ऑगस्ट १९५६ मध्ये मोटार झाडावर आदळून तो गेला, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता.

दहा मिनिटांच्या चित्रपटाला सगळा दोष देणं बरोबर नाही. माणूस मुळात तोलावर उभा होता. पण चित्र काढणं वेगळं आणि चित्र काढणारा माणूस म्हणून वावरणं वेगळं, हे त्याला त्या काचेवर कळलं असावं असं मला वाटतं. आमच्याकडे तपासणीसाठी वरचे साहेब येतात आणि पाठीमागे उभे राहून "तुम्ही तुमचं काम चालू द्या" म्हणतात. त्या दिवशी कॅश हमखास जुळत नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातात राहिला. त्यांना वरचे साहेब चांगले माहीत आहेत.

ते काचेवरचं चित्र मात्र शाबूत आहे. कॅनडात ऑटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. वॉलेस स्टीव्हन्स! विमा कंपनीतला माणूस. १९१६ साली हार्टफर्ड शहरातल्या कंपनीत लागला, जामीनकीचे दावे तपासायचा, आणि १९३४ मध्ये उपाध्यक्ष झाला. मोटार चालवायची नाही. घरापासून कचेरी सुमारे दोन मैल. ती चालत जायची, चालत यायची आणि चालताना कविता करायची. कचेरीत पोचल्यावर सेक्रेटरीला सांगून टाइप करून घ्यायची. (हे शेवटचं आमच्या शाखेत कुणी करून पाहू नये.) पहिला संग्रह १९२३ साली निघाला तेव्हा त्याची चव्वेचाळिशी जवळ आलेली. १९२४ च्या पहिल्या सहामाहीचं मानधन त्यानं पत्रात लिहून ठेवलंय : सहा डॉलर सत्तर सेंट. हा आकडा वाचून मला जे बरं वाटलं ते मी इथं लिहीत नाही. पुढे १९५५ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. हार्वर्ड विद्यापीठानं मानाची व्याख्यानं द्यायला बोलावलं तर यानं नकार कळवला. रजेवर गेलो तर निवृत्तच करतील ही भीती! निवृत्तीचं सत्तरीचं वय उलटूनही तो कामावर जात होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचाहत्तराव्या वर्षी वारला, तोवर खुर्ची सोडली नव्हती.

१९८८ मध्ये अमेरिकन कवींवर तेरा भागांची मालिका निघाली, तिच्यात एक भाग स्टीव्हन्सचा आहे. करणाऱ्यांची मला मनापासून दया येते. टेबल उलथलं नाही, न्यूयॉर्क सोडून उलट विमा कंपनीसाठी गेला, आणि रोज वेळेवर आला. दाखवायचं काय? सूट घातलेला एक स्थूल माणूस फुटपाथवरून चालला आहे. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि एवढंच तर दाखवण्यासारखं आहे. त्या रस्त्यावर आता तेरा दगड बसवलेत. काळ्या पक्ष्यावरची त्याची तेरा कडव्यांची कविता आहे, तिचं एकेक कडवं एकेका दगडावर. कचेरीच्या वाटेवर दगड बसवण्याइतकं भाग्य आमच्या वाटेला येणं कठीण. आमची वाट महापालिका दर पावसाळ्यात उखडते.

फ्रँक ओहारा हा त्या मानानं कॅमेऱ्याचा लाडका. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९५१ साली तो दर्शनी काउंटरवर बसला. तिकिटं आणि पोस्टकार्डं विकायची. माझा त्याच्याशी ऋणानुबंध काउंटरचा. पुढे तो क्युरेटरच्या हुद्द्यापर्यंत चढला. त्याच्या १९६४ च्या संग्रहाचं नावच जेवणाच्या सुटीतल्या कविता असं आहे. पुष्कळशा खरोखर त्या वेळात सुचलेल्या, हॉटेलं आणि टॅक्सी बघत फिरताना. १९६६ च्या मार्चमध्ये शैक्षणिक टेलिव्हिजनची माणसं त्याच्याकडे आली. चित्रपटात तो टाइपरायटरपुढे बसलाय, फोन वाजतो, तो फोनवर बोलतो आणि बोलता बोलता टाइप करत राहतो. डोकं एकीकडे, कान दुसरीकडे, बोटं तिसरीकडे. पाहताना मी ओरडलोच, "अहो, हे तर आमचं काउंटर!" त्याच जुलैत फायर आयलंडच्या किनाऱ्यावर रात्री जीपची धडक बसून तो गेला. वय चाळीस. चार महिन्यांपूर्वी ती माणसं आली नसती तर त्याची बोटं चालताना आपल्याला बघायला मिळाली नसती. तेव्हा कॅमेरा वाईटच, असं मी म्हणणार नाही.

नाना ऐकत होते. डबा बंद करून म्हणाले, "आणि कीटन?"

नाना कॅशियर आहेत. खोटी नोट त्यांच्या हातून जात नाही.

बस्टर कीटन हा मूकपटांतला, कधी न हसणारा विनोदी नट. त्याच्यावर केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या दोघा इंग्रजांनी १९८७ मध्ये तीन भागांचा चित्रपट केला आणि तो 'अमेरिकन मास्टर्स'मध्ये दाखवला गेला. अमेरिकेला स्वतःचं पोर शेजाऱ्यानं ओळख करून दिल्यावर आवडतं, हे आपल्यासारखंच. तर १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात घराची पुढची अख्खी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते आणि तो उभा तसाच. भिंत खरी, वजन म्हणतात दोन टनांच्या आसपास. दोन्ही अंगांना चार बोटांची फट. पाय कुठं ठेवायचे ती जागा आधी मोजून जमिनीवर खूण केलेली. पाहणारा हसतो, पण त्या हसण्यामागे सुतारांची मोजपट्टी आहे.

त्याच वर्षी कीटननं मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीत नोकरी धरली. आठवड्याला तीन हजार डॉलर! पुढे तोच म्हणायचा, की आयुष्यात याहून मोठी घोडचूक झाली नाही. कंपनीनं त्याची माणसं पांगवली, हातात लिहिलेली संहिता दिली आणि तिच्याबाहेर जायचं नाही म्हणून बजावलं. दारू वाढली, संसार मोडला आणि १९३३ मध्ये कंपनीनं काढून टाकलं. काही वर्षांनी त्याच कंपनीत तो दुसऱ्यांच्या चित्रपटांना विनोद सुचवायला परत आला, तेव्हा पगार आठवड्याला शंभर डॉलर. तीन हजारांवरून शंभर. इतकी वेतनश्रेणी कुठल्याही वेतनकरारात घसरलेली मी पाहिली नाही.

"म्हणजे नोकरीनंच मारलं की नाही?" नाना म्हणाले.

मी थोडा वेळ काही बोललो नाही. मग म्हणालो, "नाना, पगारानं नाही मारलं. त्याच्या हातची मोजपट्टी काढून घेतली, त्यानं मारलं. तुमची पेन्सिल आजवर बँकेनं काढून घेतली आहे का? साहेबांनी तर तुमच्या चित्रावरून वसुली केली."

"पण वेळ कुठाय रे? बावीस मिनिटं मिळतात दुपारची."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बावीस मिनिटांचा हिशोब ज्याचा त्यालाच ठाऊक. तो फॉर्म नानांच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. परवा चेकबुकं शोधताना मला दिसला. पुढची बाजू कोरी. मागच्या बाजूला पासबुक छापून घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या एका बाईचा चेहरा आहे. नानांचं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे असं माझं मत. वहिनींना मी फक्त कोऱ्या बाजूबद्दल सांगितलं.

आता त्या आजी.

अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस, जन्म १८६०. बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या शेतावर घरकामाला. लग्न झालं, दहा मुलं झाली, पाच जगली. लोणी काढून विकलं, बटाट्याचे वेफर तळून विकले. नवरा गेल्यावर लोकरीची चित्रं भरू लागली, आणि सांधे धरल्यामुळे सुई पकडवेना तेव्हा सत्तरी उलटल्यावर कुंचला धरला. कुंचला धरायला सोपा, एवढंच कारण. न्यूयॉर्क राज्यातल्या हूसिक फॉल्स गावच्या औषधाच्या दुकानात तिची चित्रं खिडकीत ठेवलेली होती. १९३८ साली लुई कॅल्डर नावाच्या एका इंजिनिअरनं ती पाहिली आणि सगळी घेतली. किंमत आकाराप्रमाणे, तीन ते पाच डॉलर. शिवाय घरी जाऊन आणखी आहेत का विचारलं. आजी घरी नव्हत्या. सून म्हणाली, दहा आहेत, उद्या या. आजींनी घरी येऊन मोजली तर नऊ. तेव्हा त्यांनी एक मोठं चित्र मधोमध कापलं, दोन चौकटींत बसवलं आणि दहा केली. आमच्या शाखेत दर संध्याकाळी कॅश जुळवताना मला या बाईंची आठवण येते.

मरो कॅमेरा घेऊन गेला तेव्हा त्याला दिसलं ते इतकंच : एक म्हातारी टेबलाशी बसली आहे आणि काम करते आहे. आधी आभाळ, मग डोंगर, मग टेकड्या, झाडं, घरं, गुरं, सगळ्यात शेवटी माणसं. वरून खाली, रोज हाच क्रम. टेबल कुणी उलथणारं नव्हतं. त्यावर तिचे रंग होते. मरोनं आपल्या गंभीर आवाजात विचारलं, की पुढल्या वीस वर्षांत काय करायचा विचार आहे? आजींनी बोट वर केलं आणि वर जायचंय म्हणून सांगितलं. मग चित्र पुढे चालू.

त्यानंतर त्या आणखी सहा वर्षं जगल्या. शंभरी ओलांडल्यावर त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. डॉक्टर तपासायला आले तर त्यांचा स्टेथोस्कोप सापडेना. आजींनी तो लपवून ठेवला होता. त्यांची अट साधी होती : मला माझ्या गावी, ईगल ब्रिजला परत न्या, मग स्टेथोस्कोप मिळेल. तारण ठेवल्याशिवाय माणसं हलत नाहीत हे त्यांना बरोबर माहीत होतं. १३ डिसेंबर १९६१ ला एकशे एकाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर डॉक्टरांनी काही त्यांना घरी नेलं नव्हतं.